पट्ट्याविना लंगडी

लंगडीच्या डावाआधी बालवाडीच्या देवकुळेबाईंनी मुलांच्या कमरेचे, तोल सांभाळून पडूच न देणारे पट्टे सोडायला लावले. चार वर्षांच्या इराचा पट्टा शर्वरीने नाइलाजाने सोडला. लेकीने पहिलं पाऊल टाकलं त्याच दिवशी तिने तो बांधला होता, आपल्याला बिनघोर काम करता यावं म्हणून.

पहिल्याच उडीला इरा कोलमडली. हात पुढे न करता सरळ तोंडावर आपटली.

"हात टेकायचे असतात, हे पडूनच कळतं हो," बाई हळूच म्हणाल्या.

शर्वरीने धावत जाऊन जमिनीवर चापट मारली. "मुंगी मेली बघ, मुंगी मेली!"

बाकीची मुलं हसली. इरा मात्र आजवर पडलीच नव्हती, तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. ओठातलं रक्त विसरून ती मातीत मुंगी शोधू लागली.

"आई, मी मारली?"

"नाही गं," म्हणत शर्वरीने हातातला पट्टा पाठीमागे लपवला.