दोन ओळी

सहा वर्षं मी एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. समुद्रकाठच्या गावी सुट्टीत मला खाडीतून फिरवणाऱ्या नावाड्याच्या बायकोचं पत्र होतं ते.

"काका, ओहोटी लागलीय, आता होडी नको, असं हे सांगत होते. 'अजून तासभर आहे, मी भरती-ओहोटीच्या पुस्तकात पाहिलंय, चला,' असं तुम्हीच म्हणालात. होडी उलटली, बरोबरचे दोघे बुडाले, हे तुरुंगात गेले. खरं काय ते दोन ओळींत लिहून द्या, म्हणजे सुटतील."

रोज लिहायला बसायचो. शब्द पटायचे नाहीत, कागद फाडायचो. "अहो, दोन ओळींचं काय पुराण लावलंय!" बायको म्हणायची.

परवा तो नावाडी तुरुंगातच वारल्याचं कळलं.



सांत्वनाचं पत्र एका बैठकीत जमलं. कालच पेटीत टाकलं.