इमानकुल उतरत नाही

इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकायला आला, तरी इमानकुल ट्रॅक्टरवरून उतरला नाही.

एरवी दोन-तीन फेऱ्या झाल्या की तो उतरायचाच. पुढचं झाकण उघडायचं, रेडिएटरवरची जाळी ओढून काढायची आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने झाडायची. ऑगस्टातलं गवत कापताना कुसळं, तूस आणि वाळक्या फुलांचा चुरा उडतो. पंखा तो सगळा आत ओढतो आणि जाळीवर घोंगडीसारखा थर बसतो. मग वारा आत जात नाही आणि पाणी उकळतं. ट्रॅक्टर चार घरांचा आहे, पण ही काळजी एकट्या इमानकुलची. "बायकोचं तोंड दिवसातून एकदा बघतो आणि जाळीचं दहादा," असं म्हणून सातारकुल आके, म्हणजे सातारकुलदादा, त्याला चारचौघांत चिडवायचे.

आज सातारकुल आके बांधावर बसले होते, पण चिडवत नव्हते. त्यांच्या शेजारी मशिदीतले मौलवी होते आणि इमानकुलचा मेहुणा, म्हणजे त्याच्या बायकोचा, बेगायिमचा, थोरला भाऊ. तिघांनीही धुतलेल्या टोप्या घातल्या होत्या. गवत कापायच्या दिवसांत भल्या सकाळी तीन जाणती माणसं स्वच्छ टोप्या घालून दुसऱ्याच्या कुरणात येऊन बसत नाहीत.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत, वाटेत गाठूनही देत नाहीत. वडीलधारे येतात, शेजारी बसतात, पावसापाण्याचं बोलतात आणि मग सांगतात. माणूस हातातलं काम ठेवून खाली बसल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तोवर सगळ्या गावाला कळलेलं असतं. ज्याचं माणूस गेलं, त्यालाच तेवढं काही माहीत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं असतं.

इमानकुलचा मुलगा तिलेक रशियात बांधकामावर होता. त्याच्याबरोबर राहणाऱ्या पुतण्याचा सकाळी फोन आला. "काका, घरीच आहात ना? जवळ कोण आहे?" एवढंच विचारून त्याने ठेवून दिला. इमानकुलने उलटा फोन लावला नाही. तो ट्रॅक्टर काढून कुरणात आला आणि थोड्या वेळाने ते तिघे आले.

त्याला रडू येत नव्हतं. भीतीही वाटत नव्हती. आत सगळं बधिर झालं होतं. गवत पात्याखाली आडवं पडत होतं, तो वळत होता आणि पुन्हा गवत आडवं पडत होतं. तिलेकचा चेहरा आठवायचा त्याने एकदा प्रयत्न केला, पण आठवला तो त्याचा जुना कोट, दारामागे टांगलेला.

कुरणाच्या पलीकडच्या टोकाला बेगायिम दाताळ्याने गवत ओढत होती. म्हाताऱ्यांकडे तिची पाठ होती. तिला काही ठाऊक नाही, हीच एक गोष्ट इमानकुलने घट्ट धरून ठेवली होती. आपण उतरलो की ते आपल्याला सांगणार आणि मग सगळे मिळून तिच्याकडे जाणार. उतरलोच नाही तर बेगायिम अजून थोडा वेळ नुसती गवत ओढणारी बाई राहील.

"अरे इमानकुल, इंजिन जाळशील!" आके ओरडले. "उतर, दोन घोट चहा घे!"

"ही फेरी झाली की आलोच, आके!"

आधीच्या फेरीलाही तो हेच म्हणाला होता. इंजिन तापून जाम झालं तर चारही घरांच्या मेंढ्या हिवाळ्यात उपाशी मरतील, हे त्याला कळत होतं. त्याची लाजही वाटत होती. पण पाय खाली ठेवायला तो धजत नव्हता.

काटा लाल पट्ट्यात शिरला. नाकात उकळत्या पाण्याचा वास आला. तेवढ्यात बेगायिमने दाताळं खाली टाकलं आणि ती सरळ चालत निघाली. म्हाताऱ्यांच्या समोरून गेली, पण तिने त्यांना सलाम केला नाही. आमच्यातली कुठलीही सून असं करणार नाही. तिच्या भावाने मान खाली घातली. इमानकुलने हे पाहिलं, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

ती ट्रॅक्टरपुढे येऊन उभी राहिली. त्याला थांबावं लागलं. इंजिन त्याने चालूच ठेवलं आणि स्टीअरिंगवरचा हातही काढला नाही.

"बाजूला हो! मी करतो ते!" तो ओरडला. पण जागचा हलला नाही.

तिने झाकण उघडलं, जाळी ओढून काढली. ब्रश वर त्याच्या पायाशी होता, तो तिने मागितला नाही. हाताने थर खरवडला. कुसळं बोटांत घुसली तशी तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि ती त्या रुमालानेच जाळी झटकू लागली. वडीलधाऱ्यांसमोर डोकं उघडं पडलं, त्याची तिने फिकीर केली नाही. जाळीतून पलीकडचं दिसायला लागल्यावर ती तिने जागेवर सरकवली आणि झाकण लावलं. काटा हळूहळू खाली येऊ लागला.

मग ती पायरीवर चढली. तिच्या केसांत तूस अडकलं होतं.

"तू घरी जा," इमानकुल तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझं थोडंच राहिलंय."

बेगायिमने तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"तिलेकचे बाबा, मलाही आला होता फोन. तुम्ही उतरू नका. ते सांगत नाहीत तोवर पोरगं आपलं आहे. चालवा तुम्ही, जाळी मी बघते."