चौदावर आलीय

वडिलांना, एल्मरला, वृद्धाश्रमात न्यायला डार्लीन शबॉयगनला आली, तेव्हा तिच्या आईने, व्हर्नाने, तिला थेट तळघरातच नेलं. "तुझे बाबा माझं नाव विसरले असतील, घरची बिअर करणं नाही विसरलेले. बघ तरी!"

एल्मरने बिअरचं पिंप होतं त्या कोपऱ्यात जाऊन तांब्याचं उंच भांडं काठोकाठ भरून आणलं. त्यात काचेचा घनतामापी सोडला, बुडबुडे झटकायला गर्रकन फिरवला आणि डोळा काठाशी नेऊन म्हणाला, "चौदा. घनता अजून उतरायचीय, साखर शिल्लक आहे. आत्ता बाटल्या भराल तर फुटतील, बायांनो!"

"ऐकलंस?" व्हर्ना म्हणाली. "असा माणूस तिथे जाऊन काय करणार? सूप मोजणार?"

डार्लीन हसली. बाबांना घरीच ठेवायला तिचं मन पुरतं वळलं होतं. मोजलेली बिअर आमच्याकडे शबॉयगनमध्ये पिंपात परत ओतत नाहीत, पिऊन टाकतात. तिने भांडं तोंडाला लावलं.

नळाचं पाणी होतं.

"कशी झालीय गं?" व्हर्नाने विचारलं.

"बाबा म्हणतात तश्शीच," डार्लीन म्हणाली. भांडं तिने हळूच खाली ठेवलं. "आई, त्यांचा जाड स्वेटर कुठे असतो? तिकडे रात्री गार होतं."