पट्ट्याचा आवाज

"पट्टा वरडायलाय. लेक गाडीत बसायला भ्यायलीय," महारुद्र सर माझ्या पालमच्या गॅरेजात उतरत म्हणाले.

इंजिनाच्या चालत्या पट्ट्यावर मी पाणी शिंपडलं. दोष पट्ट्यात असता तर आवाज क्षणभर तरी थांबला असता. थांबला नाही. मग लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक अल्टरनेटरला, पाण्याच्या पंपाला टेकवलं. बेअरिंगं ठणठणीत.

वैतागून गाडी बंद केली आणि पट्टाच काढून हातात घेतला. तरी तो बारीक, चिरका आवाज चालूच.

सर बघायला वाकले, तसा तो वाढला.

मी मूठ परत कानाला लावून स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांच्या छातीला टेकवलं. आत धडधड नव्हती. तोच चिरका आवाज होता, एकसारखा.

"सापडलं का?" सरांनी विचारलं. "आता लेक घरात बी जवळ येईना."