घोटभर

काउंटरमागच्या मुलीने बेनिग्नोच्या ग्लासात घोटभर लाल वाईन ओतली, तसा तो एकदम ताठ उभा राहिला. खिशातून रुमाल काढून त्याने ग्लासची कड पुसली, ग्लास जरासा फिरवला आणि शेजारच्या एर्मिनियापुढे धरला.

"ख्रिस्ताचं रक्त," तो म्हणाला.

कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या चर्चमधून सहलीला आलेली मंडळी आधी हसली, मग एकमेकांकडे पाहू लागली. बेनिग्नोने त्या चर्चमध्ये उभा जन्म प्रार्थनेनंतर पवित्र वाईनचा प्याला लोकांना वाटला होता, आणि हल्ली त्याला स्वतःचं घर सापडत नसे. त्यात आज त्याची तरी काय चूक? सकाळी जुन्या मिशन चर्चच्या दुकानात वाईन विकायला ठेवलेली, आणि इथे वायनरीच्या दारावर घंटा, आत कमानी, मेणबत्त्या. कुठे गुडघे टेकायचे आणि कुठे पाकीट काढायचं, हे भल्याभल्यांना उमगेना.

"अहो, चर्चमधली मिस्सा सकाळीच झाली," त्याची बायको चायो बाही ओढत म्हणाली. "ही वायनरी आहे."

"मग हे लोक ओळीने का उभे आहेत?"

"चव घेऊन गिळायची नसेल तर यात..." असं म्हणत मुलीने थुंकायचं भांडं पुढे सरकवलं. बेनिग्नोने ते असं काही दूर लोटलं, की ती बिचारी ओशाळली.

एर्मिनियाचे हात मात्र आपोआप छातीवर आडवे गेले होते. घटस्फोटानंतर तिने कोर्टात डेलशी लग्न केलं, तेव्हापासून चर्चच्या रांगेत ती अशीच हात बांधून जायची. चर्च ते लग्न मानत नव्हतं, म्हणून ख्रिस्तप्रसाद नाही, नुसता आशीर्वाद द्या, अशी ती खूण. डेल भला माणूस होता. तरी दर रविवारी तिचा जीव त्या एका घोटासाठी तुटायचा. आता तो घोट नाकासमोर होता, आणि खरा नव्हता. मग आपले हात छातीवरून खाली का येत नाहीत, ते तिचं तिलाच कळेना.

"मला चालत नाही, बेनिग्नो," ती हळूच म्हणाली. "फादर नाही म्हणालेत."

"कुठले फादर?"

त्याने खरोखरच गोंधळून इकडेतिकडे पाहिलं.

"घे गं, वाईनच तर आहे," चायो तिच्या कानाशी पुटपुटली. "त्यांचा मान राख."

प्याला घेताना आमेन म्हणायचं असतं; नुसती वाईन म्हणावी, तर ते आमेन खोटं. आणि आमेन ऐकल्याशिवाय हा म्हातारा प्याला सोडणार नाही. एर्मिनियाला काही सुचेना.

बेनिग्नोने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "जरा थांबा," तो मंडळींना म्हणाला. "हिला वेळ लागतोय."

आणि का कोण जाणे, सगळे थांबले.

मग तो तिच्याकडे झुकला. "पोरी, हात सोड. असे बांधून ठेवलेस, तर धरशील कशाने?"