हजार पेशींत एक लाल ठिपका

सातशे बाराव्या पेशीत तोमोएला लाल ठिपका दिसला. तिने डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. एक हिरवा, एक लाल. पुरुषाची पेशी. बाईच्या पेशीत दोन्ही ठिपके हिरवे असतात. एक्केचाळीस नंबरच्या काचेवर पुरुषाचं काहीच काम नव्हतं. रक्ताच्या कर्करोगाची ती रोगी बाई होती, आणि जिच्या मज्जेतल्या मूळपेशी तिला दिल्या ती तिची थोरली बहीण. दाता पुरुष आणि रोगी बाई असेल तिथे प्रत्यारोपणानंतर दात्याच्या किती पेशी रुजल्या हे लाल ठिपके मोजून ठरवायचं, असं ते संशोधन होतं. पडताळा म्हणून बहिणी-बहिणींच्याही काही काचा ठेवल्या होत्या. त्यांत लाल निघता कामा नये.

म्हणजे मिसळ. दुसऱ्या कुणाचा तरी थेंब या काचेवर आला होता. आणि काच बनवली होती किनुकोने.

इतका आनंद तोमोएला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

कानाझावाच्या त्या प्रयोगशाळेत दोघी एकाच एप्रिलमध्ये लागल्या होत्या. तेव्हा रंगसूत्रांचे फोटो कात्रीने कापून, डिंकाने चिकटवून जोड्या लावाव्या लागत. तोमोएच्या कागदावर डिंकाचे डाग पडायचे, किनुकोच्या कागदावर कधी पडले नाहीत. पाहुणे आले की किनुकोच्या काचा बाहेर निघायच्या. वर्षअखेरच्या मेजवानीत प्राध्यापक पहिली साके तिच्याच पेल्यात ओतायचे. तोमोएचा नवरासुद्धा एकदा म्हणाला होता, “किती नीटनेटकी आहे गं ही.” त्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि तोमोए एक शब्दही विसरली नव्हती.

तिच्याकडे एकच उतारा होता. तिला दोन मुलगे होते आणि किनुकोचं लग्नही झालं नव्हतं. “घरी कुणी वाट बघणारं नसलं की हात कसा स्थिर राहतो,” असं ती चहाच्या वेळी किनुकोला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणायची.

मार्चमध्ये मुख्य तंत्रज्ञ निवृत्त होणार होते. जागा एक, बायका दोन. मिसळ झाली की करणाऱ्याने माफीपत्र लिहायचं, त्यावर जिने चूक पकडली तिचा नावाचा शिक्का घ्यायचा आणि ते प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवायचं, अशी तिथली रीत होती. माफीपत्र लिहिलेल्याला बढती मिळाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

काचांवर फक्त नंबर असत. कोणती कुणाची, ते त्या महिन्यात नोंदवही सांभाळणारीलाच ठाऊक. महिना तोमोएचा होता.

“किनुकोसान, जरा येता का? एक्केचाळीस नंबर. तुमच्याच बहिणीची आहे बघा, आणि दाता तुम्ही. आता तुमच्या दोघींच्या रक्तात पुरुष कुठून आला, ते तुम्हीच सांगा.”

किनुको अंधाऱ्या खोलीत आली, स्टुलावर बसली आणि तिने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. ते तिने काढलेच नाहीत. तोमोए पुढची वाक्यं मनात जुळवत राहिली. मग किनुकोच्या हाताने चाचपडत दिव्याची झडप शोधली आणि अलगद बंद केली.

“फार वेळ उजेड पडला तर विझेल तो,” ती म्हणाली.

स्वतःविरुद्धचा पुरावा जपतेय, तोमोएला वाटलं. काय बाई आहे.

“माफीपत्र लिहून आणते उद्या.”

“आणा. अक्षर चांगलं काढा. प्राध्यापकांना तुमचं अक्षर आवडतं.”

ती इतक्या सहज कबूल झाली, हेच तोमोएला बोचलं. पंचवीस वर्षांत किनुको कधी चुकली नव्हती. उद्या ही उलटली तर? म्हणून उरलेल्या नमुन्यातून तोमोएने स्वतः नवी काच केली. टेबल रिकामं केलं, हात तीनदा धुतले, आजूबाजूला दुसरा नमुना ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोजायला बसली.

या वेळी लाल ठिपके दोन होते.

मिसळ नव्हती. मग तिला दोन वर्षांपूर्वीचं सोमवारचं वाचन आठवलं. कुणीतरी एक शोधनिबंध वाचत होतं. पोटात वाढलेल्या मुलाच्या काही पेशी आईच्या अंगातच राहून जातात, वीस-पंचवीस वर्षांनीही सापडतात. तरुण डॉक्टर चकित होऊन ऐकत होते. किनुको चहाचं पाणी बदलायला म्हणून उठली आणि वाचन संपेपर्यंत परत आली नाही. इंग्रजी जड गेलं वाटतं बाईंना, म्हणून तोमोए तेव्हा खूश झाली होती.

धाकट्या बहिणीला मूलबाळ नव्हतं, आणि तिच्या रक्तात आता किनुकोच्याच पेशी होत्या. किनुकोने दाता म्हणून भरलेला अर्ज तोमोएला पाठ होता. वाचून तिला नेहमी बरं वाटायचं. वय अठ्ठेचाळीस. अविवाहित. बाळंतपण: नाही.

तोमोएचा एक मुलगा ओसाकाला होता, एक तोक्योला. दोघे नवीन वर्षाला फोन करत. हिचा मात्र हिच्या हाडांत राहिला होता, आणि आता मावशीच्याही. तोमोएच्या छातीत ती जुनीच जळजळ उठली, पण या वेळी तिला कुणाला ऐकवावंसं वाटेना.

दारावर टकटक झाली. किनुकोच्या हातात माफीपत्र होतं. “तुमचा शिक्का हवा होता.”

तोमोएने कागद घेतला, घडी घातली आणि आपल्या एप्रनच्या खिशात ठेवला. नोंदवही ओढून तिने लिहिलं: एक्केचाळीस. पुरुषपेशी दोन. मिसळ नाही. कारण अज्ञात. खाली स्वतःचा शिक्का दाबला. मार्चमधली जागा त्या शिक्क्यासरशी गेली, हे तिला कळत होतं.

किनुकोने ती ओळ वाचली. आभार मानले नाहीत.

“दोन आहेत?”

“दोन. अजून विझलेले नाहीत.”

किनुकोने दुसरं स्टूल जवळ ओढलं.

“मग दाखवा,” ती म्हणाली. “जन्मला तेव्हा मला दाखवलाच नव्हता त्यांनी.”