अर्धी वेणी

"मुलांना तूच सांग. क्षिप्राच्या जागी आता तू आहेस," एवढं बोलून सर बाकीच्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्गात गेले.

विद्यापीठाच्या समाजसेवेच्या अभ्यासक्रमात क्षिप्रा विद्यार्थी-सहायक होती. दर शनिवारी ती विद्यार्थ्यांना या अंधशाळेत आणायची. गेल्या आठवड्यात इथून परतताना तिच्या स्कूटीला ट्रकने उडवलं. आता तिचं काम हर्षदाकडे आलं होतं.

व्हरांड्यात आठ वर्षांची गोदी एकटीच उन्हात बसली होती. हर्षदा तिच्या शेजारी टेकली आणि तिचा हात हातात घेतला.

"गोदी, क्षिप्राताई आता येणार नाही गं. अपघात झाला. गेली ती."

गोदी खुदकन हसली. "काहीतरीच! मग माझी वेणी कोण घालतंय?"

हर्षदाने तिच्या पाठीकडे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पण केसांचे तीन पेड सावकाश एकमेकांवरून सरकत होते. मग ते एकदम थांबले.

गोदीचं हसू मावळलं. मान वळवून तिने कानोसा घेतला.

"ताई रडतेय," ती हळूच म्हणाली. "तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं."